शपथ, सही आणि पस्तीस दिवस

एका घरात दोन माणसांनी दारू सोडली, तरी त्या घरातला दारूवरचा वाद मिटत नाही. प्यावी की नाही हा प्रश्न संपला, की सोडावी कशी यावर घर भांडू लागतं. मुरगुडातल्या अशा एका घरातलं हे बोलणं आहे. तात्या साखर कारखान्याच्या शेती खात्यात चिटबॉय होते, आता निवृत्त आहेत. आदमापूरला बाळूमामांच्या दारात भंडारा कपाळाला लावून त्यांनी दारू सोडली, त्याला दोन तपं होत आली. पुतण्याचा ऊस वाहतुकीचा ट्रॅक्टर आहे. तो पुण्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात ३५ दिवस राहून आला. आज दोघंही पीत नाहीत, आणि एकमेकांचा मार्ग दोघांनाही पटत नाही. काकी बहुतेक वेळ ऐकत असते.

ही तीन माणसं मी रचली आहेत. त्यांच्यासारखी घरं वेदगंगेच्या दोन्ही काठांना आहेत, पण व्यसनापायी होरपळलेलं कुणाचं खरं घर चव्हाट्यावर आणणं मला बरोबर वाटत नाही. संस्था, औषधं, कायदा आणि आकडे मात्र खरे आहेत.

तात्यांची सुरुवात ठरलेली. "दारू सोडायला पुण्याला कशाला जायला पायजे? तोंड आपलं, हात आपला. ग्लास उचलायचा न्हाई, झालं."

"तोंड माझं होतं तात्या, हात माझा ऱ्हायला नव्हता," पुतण्या म्हणतो. "सकाळी चहाची कपबशी धरता यायची न्हाई. बँकेत सही जुळायची न्हाई. पोटात थोडी गेली की हात थांबायचा. मी मजेसाठी पीत नव्हतो, हात थांबवायला पीत होतो."

"आमचा थांबला की बिनऔषधाचा."

"थांबला. पण मधल्या रात्री कशा गेल्या, ते सांगा."

तात्या थोडं थांबून सांगतात. तिसऱ्या रात्री त्यांना भिंतीवरून मेंढरं चालताना दिसली. पांढरी, काळी, एकामागं एक, घंटेच्या आवाजासकट. बाळूमामांची मेंढरं आजही गावोगाव फिरतात, लोक त्यांची सेवा करतात. तात्यांना वाटलं, देव घरी आला. अंगाला घाम, तोंडाला कोरड. काकीनं रात्रभर ओल्या फडक्यानं अंग पुसलं आणि ताप म्हणून सोडून दिलं.

"आमच्याकडं एकाला मुंग्या दिसायच्या," पुतण्या म्हणतो. "एकाला दारात पोलीस उभा दिसायचा. तिथं डॉक्टर होता, म्हणून त्या रात्री निभावल्या."

"त्यानं मुंग्या बघितल्या, मी मेंढरं. ज्याचा त्याचा भाव."

तात्यांच्या भावाला मी हात लावणार नाही. पण त्या रात्री त्यांच्या शरीरात जे चाललं होतं ते जिवावर बेतणारं होतं, हे सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या गुंगीला तोंड देण्यासाठी स्वतःला सतत ताणून धरतो. दारू एकाएकी बंद झाली की ताण तसाच राहतो आणि त्याला दाबणारं काही उरत नाही. पहिल्या दिवसातच हात कापतात, घाम फुटतो, झोप उडते. दुसऱ्या दिवसापर्यंत फिट येऊ शकते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काहींना भ्रम होतो, नसलेलं दिसतं, आपण कुठं आहोत ते कळेनासं होतं. डॉक्टर याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार झाले नाहीत तर यात माणसं दगावतात. उपचार अवघड नाहीत. क्लोरडायझेपॉक्साइडसारखं औषध भरपूर मात्रेनं सुरू करून रोज थोडं थोडं कमी करत आणायचं, आणि थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, टोचून द्यायचं. सलाइनमधून साखर जाण्याआधी थायमिन गेलं पाहिजे, हे जाणता डॉक्टर विसरत नाही, कारण पिणाऱ्याच्या शरीरात त्याचा साठा संपलेला असतो आणि आधी साखर गेली तर मेंदूला इजा होऊ शकते. शपथ कितीही खरी असली तरी पहिला आठवडा डॉक्टरच्या नजरेखाली गेला पाहिजे. रोज पिणाऱ्याला "आजपासून थेंब नको" म्हणून खोलीत कोंडणारी माणसं चांगल्या हेतूनं त्याला मरणाच्या दारात नेत असतात.

तात्या हे ऐकून घेतात. "बरं, आठवडा दवाखाना. कबूल. पुढचा महिना कशासाठी?"

त्याचं उत्तर द्यायला पुतण्याला मागं जावं लागतं. मुक्तांगणाच्या आधी त्याच्यावर दोन प्रयोग झाले होते, आणि दोन्ही त्याला न विचारता.

पहिला प्रयोग आईनं केला. भिंतींवर, एसटीच्या पाठीवर, पेपरातल्या छोट्या जाहिरातींत आपण सगळ्यांनी वाचलंय: पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा. कुणीतरी आणून दिलेली पूड आई आमटीत घालायची. पुतण्या जेवून बाहेर पडला, नेहमीच्या ठिकाणी बसला, आणि पहिल्या ग्लासानंतर तोंड तांबडंलाल, छातीत धडधड, श्वास पुरेना. मित्रांनी त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

"आईला वाटलं, गुण आला," पुतण्या म्हणतो. "मला वाटलं, विष घातलं. दोघंबी बरोबर होतो."

अशा पुडीत बहुधा डायसल्फिराम असतं. १९४८ साली डेन्मार्कमधल्या संशोधकांनी दारू सोडण्यासाठी त्याचा उपयोग मांडला. शरीरात दारूचं आधी ॲसिटाल्डिहाइड होतं आणि मग तेही मोडतं. हे औषध त्या दुसऱ्या पायरीवर अडथळा घालतं, त्यामुळे विषारी ॲसिटाल्डिहाइड साचत जातं. काही रुग्णांना ते खरोखर उपयोगी पडतं. पण रुग्णाला नीट समजावून, त्याची संमती घेऊन, हृदय आणि यकृत तपासून द्यायचं हे औषध आहे. आमटीत कालवायचं नाही. ज्या आईनं पोराच्या काळजीनं ते कालवलं, तिला दोष देताना माझी जीभ रेटत नाही. तिच्या हातात ती पुडी देणाऱ्याला द्यावा तेवढा दोष थोडा आहे.

दुसरा प्रयोग याहून वाईट. घरच्यांनी पैसे भरले आणि एका रात्री चार पोरं गाडी घेऊन आली. पुतण्याला अंथरुणातून उचललं, गाडीत घातलं. ते केंद्र कुठलं, हे तो सांगत नाही आणि मीही विचारलेलं दाखवणार नाही. तिथं डॉक्टर नव्हता. आल्या आल्या डोकं भादरलं. बोलला की मार. घरून फोन आला की शेजारी एक जण उभा, "मी बरा आहे" एवढंच म्हणायचं.

"तिथनं सुटलो आणि घरी यायच्या आधी ठेका गाठला," पुतण्या म्हणतो. "तल्लफ होती म्हणून न्हवं. सूड म्हणून प्यालो."

"त्यात माझीबी सही होती," तात्या म्हणतात. "माझं मत होतं, मार खाल्ल्याबिगर ह्यो वळणार न्हाई."

"ठाऊक हाय मला."

तात्यांसारखं मत असणारी माणसं गावोगाव भरपूर आहेत, म्हणून कायदा नीट सांगतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक अवस्थांना आजारात धरलं आहे. त्यामुळे व्यसनी माणसाला रुग्णाचे सगळे हक्क मिळतात. उपचार देणारी संस्था नोंदलेली असावी लागते. कलम ८६ प्रमाणे माणूस स्वतःच्या सहीनं दाखल होऊ शकतो, आणि त्याला घरी जायचं असेल तर साधारणपणे अडवता येत नाही. त्याच्या इच्छेविरुद्ध दाखल करायची वेळ आली तर कलम ८९ आहे: त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीचा अर्ज लागतो, मानसोपचारतज्ज्ञासह दोघा जाणकारांनी वेगवेगळं तपासावं लागतं, आणि ही मुदत ३० दिवसांपुढं आपोआप जात नाही. मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवावं लागतं आणि रुग्णाला तिथं दाद मागता येते. बळजबरीनं डोकं भादरणं, साखळीनं बांधणं याला कायद्यात थारा नाही. रात्री गाडी घेऊन येणाऱ्या पोरांचा तर त्यात कुठं उल्लेखही नाही. घरच्यांनी पैसे भरण्याआधी दोनच प्रश्न विचारावेत: नोंदणी दाखवा, आणि डॉक्टर किती वाजता येतो ते सांगा.

मुक्तांगणाला पुतण्या स्वतःच्या पायानं गेला. मनापासून म्हणता येणार नाही. ट्रॅक्टरचे हप्ते थकले होते, बायको माहेरी होती, आणि हंगाम संपलेला असल्यानं पावसाळ्यात दुसरं काही कामही नव्हतं. पण सही त्याची होती.

"येरवड्याला!" तात्या म्हणतात. "तुझ्या आईला बाजारात बायका इचारायच्या, पोरगं येरवड्याला असतंय न्हवं? काय उत्तर द्यायचं तिनं?"

आपल्याकडं येरवडा म्हणजे तुरुंग नाहीतर वेड्यांचं इस्पितळ. आणि मुक्तांगणाची सुरुवात खरोखर त्या मनोरुग्णालयाच्या आवारातच झाली. डॉ. अनिता अवचट तिथं मानसोपचारतज्ज्ञ होत्या. ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, पोरांना गिळू लागली तेव्हा अनिल अवचटांनी त्या पोरांमध्ये मिसळून लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि केंद्रासाठी त्यांनी एक लाख रुपये देऊ केले. २९ ऑगस्ट १९८६ ला मुक्तांगण सुरू झालं. आता त्याची येरवड्यातच स्वतःची इमारत आहे. अनिताताई १९९७ साली गेल्या, अनिल अवचट २०२२ साली. मुक्ता पुणतांबेकर, त्यांची मुलगी, काम पुढं चालवतात. गर्दसाठी उघडलेल्या या दारातून पुढं दारुड्यांचीच मोठी रीघ लागली, आणि ती आजही आहे.

"मग तिथं केलं काय तुम्ही पस्तीस दिस? भजन?"

"झाडलोट केली. भांडी घासली. सकाळी उठून योगासनं, प्रार्थना, मग बसून बोलायचं. तिथं रुग्णच सगळी कामं वाटून घेत्यात. माझ्याबरोबर बँकेतला साहेब फरशी पुसायचा."

"म्हणजे तालीम."

तात्यांनी सहज म्हटलेला हा शब्द पुतण्या सोडत नाही. मुरगूड कुस्तीचं गाव, त्यामुळे दोघांनाही तालीम आतून माहीत. पोरगं घर सोडून तालमीत का राहतं? दंड-बैठका घरीही मारता येतात. पण घरी उठायची वेळ आई ठरवते, जेवायची वेळ पाहुणे ठरवतात, आणि झोपायची वेळ मित्र ठरवतात. तालमीत वस्ताद आहे, जोड आहे, सगळ्यांचा दिवस एकाच मापाचा आहे. पुतण्याच्या मते ३५ दिवसांचा अर्थ तोच: पिणाऱ्याचा दिवस पूर्ण मोडलेला असतो, तो पुन्हा बांधायचा. तिथले बरेच समुपदेशक स्वतः कधीकाळी व्यसनी होते. त्यांना फसवता येत नाही. पुतण्यानं एकदा डोकं दुखतंय सांगून सभेतून सुटायचा प्रयत्न केला, तर समोरचा म्हणाला, हे कारण मीही वापरलंय.

तात्यांना तुलना आवडते, पण ते ती उलटी फिरवतात. "तालमीतला पैलवान गावच्या जत्रंत लढतोय. तुझी कुस्ती कुठं हाय? पुण्यात दारू न्हवतीच. जोडच न्हाई तर जितलास कसा?"

माझ्या मते साऱ्या संवादातला हा सर्वांत अचूक घाव आहे. पुतण्यालाही तो बसतो. तो हंगामाबद्दल सांगू लागतो.

त्या दिवाळीनंतर ट्रॅक्टर लागला. रात्री दहाला ट्रॉल्या घेऊन कारखान्याच्या अड्ड्यात पोचायचं, पुढं शंभरभर गाड्या, नंबर पहाटेपर्यंत लागत नाही. थंडी मरणाची. ट्रॉलीखाली शेकोटी, शेकोटीभोवती ड्रायव्हर, ड्रायव्हरांच्या मधी बाटली. कुणी आग्रहही करत नाही, फक्त सरकून जागा देतात. पुतण्या पहिले काही आठवडे केबिनमध्ये बसून राहिला. एका रात्री खाली उतरला.

"पुण्यात सांगितलेलं सगळं आठवत होतं," तो म्हणतो. "तल्लफ आली की फोन कर. पण त्या टायमाला कुणाला फोन करायचा? पुणं अडीचशे किलोमीटरच्या पुढं. कोल्हापुरात बैठक असती असं ऐकलं, पर ट्रॅक्टर सोडून जायचं कसं?"

"मग? मी म्हणत हुतो काय येगळं? पैसं गेलं, महिना गेला, पोरगं परत प्यालं."

"परत प्यालो. पण दोन दिवसांत थांबलो, तात्या. आधी दोन-दोन वर्सं थांबत नव्हतो."

व्यसन परतणं म्हणजे उपचार फुकट गेला असं समजायचं असेल, तर मधुमेहाची आणि दम्याची औषधंही फुकट म्हणावी लागतील. हा वारंवार डोकं वर काढणारा आजार आहे. घसरल्यावर माणूस किती लवकर मदत मागतो, हे पाहिलं पाहिजे. पुतण्यानं दोन दिवसांत मुक्तांगणाला फोन केला. तरीही तात्यांचा मुद्दा उरतोच: माणूस ज्या अड्ड्यावर घसरतो, त्या अड्ड्याजवळ त्याला सावरणारं कुणी नव्हतं.

मग बोरमाळेची गोष्ट निघाली. ती घरात तोवर कुणाला माहीत नव्हती.

काही वर्षांपूर्वी आईची बोरमाळ नाहीशी झाली. शेतावरच्या गड्यावर आळ आला. त्याला कामावरून काढलं, गावात त्याचं नाव झालं, तो बायकामुलांना घेऊन दुसऱ्या गावी निघून गेला. बोरमाळ पुतण्यानं गहाण टाकली होती, निपाणीला, ओळख लागू नये म्हणून. मुक्तांगणाच्या समूहात एक दिवस तो हे बोलला. आयुष्यात पहिल्यांदा.

तात्यांचा चेहरा उतरतो. राग गड्याबद्दलचा की पुतण्याबद्दलचा, त्यांनाच उमगत नाही, म्हणून तो भलतीकडं जातो. "घरातली लाज चार परक्यांपुढं उघडी करायची? ही कसली इद्या? देवाजवळ बोलायचं होतंस."

"देवाजवळ बोललो हुतो, लई वेळा. देव ऐकून घेतो. उलट इचारत न्हाई. तिथं एका पोरानं इचारलं, गर्द ओढणारं पोरगं हुतं, माझ्याहून दहा वर्सांनी ल्हान. म्हणालं, त्या गड्याचं पुढं काय झालं?"

"मग?"

"मला ठाऊक न्हवतं. इतक्या वर्सांत मी कधी इचारलंच न्हवतं."

घरी आल्यावर पुतण्या त्या गड्याच्या गावी गेला. माफी मिळाली की नाही, ते तो सांगत नाही. काकीनं फक्त एवढं विचारलं की त्याच्या पोरी आता केवढ्या झाल्या.

व्यसनमुक्तीत ही पायरी जुनी आहे. १९३५ साली अमेरिकेतल्या अक्रन गावात बिल नावाचा शेअर दलाल आणि बॉब नावाचा शल्यविशारद, दोघेही पिणारे, एकमेकांशी बोलत बसले आणि त्यातून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस उभी राहिली. पुढं त्यांनी आपल्या अनुभवाच्या बारा पायऱ्या लिहून काढल्या, त्यांत ज्यांचं नुकसान केलं त्यांची यादी करणं आणि शक्य तिथं भरपाई करणं, या दोन आहेत. मला यातला आरंभ महत्त्वाचा वाटतो. इमारत नव्हती, खाटा नव्हत्या, औषधंही फारशी नव्हती. एका पिणाऱ्यापुढं दुसरा पिणारा बसला होता आणि दोघांना खोटं बोलायची गरज नव्हती.

इथं काकी बोलली. ती म्हणाली, "तुम्ही सांगताय तसं तुमचं नुसत्या भंडाऱ्यानं सुटलं न्हाई."

तात्यांनी वर पाहिलं.

"दर अमावास्येला वडापानं आदमापूरला जाताय. तीच पाच माणसं. समद्यांनी सोडलेली. जीपमधी बसल्या बसल्या ते कुंभाराचं म्हातारं इचारत हुतं, महिना कसा गेला? त्ये वारल्यावर तुम्ही इचारायला लागला. एक अमावास्या चुकली, ताप हुता म्हणून, तर त्यातला एक जण दुसऱ्या दिशी दारात येऊन बसला हुता. मी च्या करून दिला."

तात्या काही बोलले नाहीत. पुतण्या म्हणाला, "तात्या, ह्येलाच आम्ही समूह म्हणतो."

"ते देवदर्शन हाय."

"असू दे की. दोन्ही हाय."

मला वाटतं, काकीनं वाद जिथं सुटत होता ती गाठ बरोबर पकडली. शपथ आणि सही यांच्यात तात्या-पुतण्यानं जेवढं अंतर मानलं होतं, तेवढं नाही. दोघांनीही स्वतः पाऊल उचललं, कुणी उचलून नेलं नव्हतं. पुतण्यावरचे जे दोन प्रयोग फसले, ते दोन्ही त्याच्या माघारी झाले होते. आणि तात्यांची दोन तपं टिकली ती शपथेनंतरच्या अमावास्यांमुळे. पुतण्याला पहिला आठवडा सुखरूप मिळाला, जो तात्यांना नशिबानं मिळाला होता. तात्यांना पुढची वीस वर्षं सोबत मिळाली, जी पुतण्याला मुरगुडात कुणी ठेवलेली नव्हती. आपल्याकडं व्यसनमुक्तीचा सगळा पैसा आणि सगळी चर्चा मधल्या त्या महिन्यावर खर्च होते. दाखल झाला की घर सुटकेचा श्वास टाकतं, परत आला की गाव तो पितो का ते बघत बसतं.

तेवढा महिनाही फार थोड्यांना मिळतो. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सनं केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ साली आला. देशात दारूपायी मदतीची गरज असलेली माणसं सुमारे पावणेसहा कोटी. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्यांपैकी ३८ जणांत एकानं कसलाही उपचार घेतल्याचं सांगितलं. दाखल होऊन उपचार घेतलेला १८० जणांत एक. म्हणजे पुतण्या त्या १८० मधला एक आहे. बाकीच्यांकडं तात्यांची वाट आहे, नाहीतर तीही नाही. मंत्रालयाच्या अनुदानावर चालणाऱ्या केंद्रांत उपचारांना पैसे पडत नाहीत आणि १४४४६ या क्रमांकावर फोन करून माहिती मिळते, हे मुरगूडच्या बाजारात किती जणांना माहीत आहे?

आणि बाटलीपुरतं भागेल असंही आता नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी मेफेड्रोनचा साठा पकडला, तेव्हा त्याचा माग कुरकुंभच्या कारखान्यातून सांगलीजवळच्या कुपवाडपर्यंत आला. पोरं त्याला एमडी म्हणतात. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात, स्वतःहून उपचाराला आलेल्या व्यसनी माणसाला काही गुन्ह्यांत खटल्यापासून संरक्षण देणारं कलम ६४अ आहे. पोरगं धरलं जाईल या भीतीनं आईबाप दडवून ठेवतात, त्यांनी हे कलम एखाद्या वकिलाकडून समजून घ्यावं.

त्या दिवशीचं बोलणं तिथं संपलं नाही. पुतण्याच्या डोक्यात एक गोष्ट बसली आहे: मुरगुडातच दर आठवड्याला बैठक. हंगामात ती रात्री उशिरा, आणि शक्य झालं तर अड्ड्यावरच, एका ट्रॉलीखाली बिनबाटलीची शेकोटी. तात्यांना कल्पना पसंत आहे, जागा पसंत नाही.

"देवळाच्या ओवरीत बसू. तिथं कोण पिऊन येणार न्हाई."

"आणि माझा मुल्लांचा दोस्त? तो येईल व्हय देवळात सोडायला? ग्रामीण रुग्णालयात एक खोली मागू."

"दवाखान्यात गेला की गाव म्हणणार, हा आजारी."

"हायच की आजारी."

"तुला म्हणायला सोपं. माझ्या वयाचा माणूस ती पायरी चढणार न्हाई. शाळंत बसू. रविवारी सकाळी."

"शाळेत शिपाई किल्ली द्यायचा न्हाई."

"किल्लीचं मी बघतो. हेडमास्तर माझ्या वर्गातला."

काकी म्हणाली, बायकांची बैठक वेगळी पाहिजे, आणि ती पुरुषांच्या दिवशी नको. मुक्तांगणात रुग्णांच्या बायकांसाठी 'सहचरी' नावाचा गट आहे, हे तिला पुतण्याच्या बायकोनं सांगितलं होतं. नवरा ३५ दिवस दूर होता तेव्हा तिला पहिल्यांदा गाढ झोप लागली, आणि झोप लागली म्हणून तिला अपराधी वाटलं, हेही तिनं काकीलाच सांगितलं होतं. घरात दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं ते नव्हतं.

"बाजारादिशी ठेवा," काकी म्हणाली. "त्या दिशी बाई घरातनं बाहेर पडली तर कोण इचारत न्हाई."

तात्यांनी बाजारादिवशी शाळा भरलेली असते, असा मुद्दा काढला. ती म्हणाली, मग किल्ली दोन ठिकाणची आणा.